दुसरीचा वाचनाचा तास

"बाई, तुमची तेवढी सही राहिली," असं म्हणत साहेबांनी वेळापत्रक टेबलावरून पुढे सरकवलं.

वाचनबाईंनी पेनचं टोपण काढलं नाही. जिल्ह्यातल्या दोनशे चौदा सरकारी शाळांत काय, कधी आणि किती शिकवायचं ते शिक्षण कार्यालयाच्या याच खोलीत ठरायचं. पहिली-दुसरीच्या पोरांना वाचायला कसं शिकवायचं ते बाई ठरवायच्या, म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. नवं वेळापत्रक पाच वाजता छापायला जायचं होतं, आणि त्यात दुसरीचा रोजचा चाळीस मिनिटांचा वाचनाचा तास गायब होता. त्या चौकटीत 'परीक्षेचा सराव' येऊन बसला होता.

ही किमया मिनिटरावांची. त्यांचं खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं. वेळापत्रक आखणं हे त्यांचं काम, आणि मधल्या सुट्टीतूनही पाच मिनिटं काढून दाखवणारा हा माणूस. एकदम चाळीस मिनिटांचं घबाड हाती लागल्यामुळे स्वारी सकाळपासून खुशीत होती.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. बाईंच्याच चाचणीनुसार दुसरीतली शंभरातली एक्क्याण्णव मुलं वाचत होती. ज्याला पोहता येतं त्याला रोज पाण्यात ढकलायचं कशाला?

"वाचत नाहीत, साहेब," बाई म्हणाल्या. "पाठ म्हणतात."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना लाज वाटत होती. चाचणीचा काळ्या मांजरीचा उतारा सहा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिला होता. दरवर्षीच्या निकालांची तुलना करता यावी म्हणून तो कधीही बदलायचा नाही, हे फर्मानही त्यांचंच. शाळांनी ते इमानेइतबारे पाळलं. आकडा वर्षागणिक चढत गेला आणि बाईंची पाठ थोपटली गेली. तीन आठवड्यांपूर्वी एका शाळेत चाचणी घेताना त्यांच्या हातून एका मुलीला भलताच कागद दिला गेला. त्यावर आगगाडीचा उतारा होता. मुलीनं आगगाडीच्या ओळींखालून बोट फिरवत काळ्या मांजरीचा उतारा घडाघडा वाचून दाखवला. वर्गशिक्षिका कौतुकानं मान डोलवत होती. त्या रात्री बाईंना घास गेला नाही. पुढे त्या आगगाडी घेऊन अकरा शाळा फिरल्या. शंभरात एकतीस मुलांना ती वाचता आली.

अकरा शाळांवरून जिल्ह्याचं भाकीत म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, असं साहेब म्हणाले. शीत कच्चं लागलं तर कुणी पातेलं उतरवतं का, असं बाईंनी विचारलं. साहेब जरा चिडले. मग ते खऱ्या अडचणीवर आले. एक्क्याण्णवचा आकडा वर कळवून झाला होता, वरून अभिनंदनाचं पत्र आलं होतं, आणि पत्रात नाव बाईंचं होतं.

"कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय?" त्यांनी विचारलं.

मिनिटरावांनी वातावरण हलकं करून पाहिलं. पोरांना मांजर आवडते आणि बाईंना आगगाडी, त्याला पोरं काय करणार, म्हणाले.

बाई त्यांच्याकडे वळल्या. मिनिटरावांची धाकटी लेक सरकारी शाळेतच दुसरीत होती, आणि आपली मुलगी आपल्याच शाळेत शिकते हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगत.

"काळी मांजर भिंतीवर चढली," बाई म्हणाल्या.

"खाली दुधाचे भांडे होते," मिनिटराव सवयीनं बोलून गेले. "मांजरीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि..."

ते थांबले. रोज संध्याकाळी लेक अभ्यासाला बसली की हे त्यांच्या कानावर पडायचं. कधी कधी कागद समोर नसायचा, तरी तिचं वाचन अडत नसे. आणि ते बायकोला म्हणायचे, बघ, किती हुशार आहे.

बाईंनी आगगाडीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. आज घरी गेल्यावर तिला हा वाचायला द्या, एवढंच म्हणाल्या. चारच ओळी होत्या, जोडाक्षर एकही नव्हतं. मिनिटरावांनी त्या ओळी वाचल्या.

"नाही यायचं तिला," ते हळू आवाजात म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग वर काय कळवू? एक्क्याण्णवचे एकतीस कसे झाले?"

"माझी चूक झाली म्हणून कळवा. उतारा माझा, फर्मान माझं. मी लिहून देते."

आता बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. अक्षर नेहमीसारखंच गोल आणि सरळ येत होतं. सहा वर्षांत कमावलेलं नाव पाच ओळींत गेलं. खाली त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि पुढच्या वर्षीपासून उतारा दर वेळी नवा असेल, असं आणखी एक वाक्य लिहिलं.

साहेबांनी कागद वाचला. वर आपल्याला काय काय ऐकून घ्यावं लागणार याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. अखेर त्यांनी कागद फायलीत लावला आणि वेळापत्रक परत मिनिटरावांकडे ढकललं.

मिनिटरावांनी पट्टी लावून 'परीक्षेचा सराव' खोडला आणि वर 'वाचन' लिहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. ते उठले नाहीत. पेन्सिलीचं टोक शेजारच्या चौकटीवर टेकवून त्यांनी विचारलं,

"बाई, चाळीस मिनिटं पुरतील?"