निष्कर्ष तेवढा सांग

"मावशी, निष्कर्ष सांग," डॉक्टर फोनवर म्हणाले.

पलीकडे मावशी सुतारापर्यंत आली होती. कैलासवासी काकांच्या आरामखुर्चीचा पाय डुगडुगत होता, म्हणून तिने सुतार बोलावला. तर तो आलाच नाही, भावाला पाठवलं, आणि त्या भावाला म्हणे लाकडातलं ओ की ठो कळत नाही. डॉक्टरांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात शोधनिबंध. टेबलावर आणखी ढीग पडला होता. हृदयरोगावर जगभर इतकं संशोधन करायची लोकांना गरजच काय, असा प्रश्न त्यांना रोज पडायचा. कालची रामबाण गोळी आज संशयित, परवा तिची निर्दोष सुटका. वाचून वाचून जीव मेटाकुटीला यायचा. बरं, न वाचावं तर एखादा पेशंटच मोबाईल पुढे करायचा, "डॉक्टर, हे नवीन आलंय, तुम्ही पाहिलंच असेल."

शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. निबंध उघडायचा, मधली पानं सोडायची, निष्कर्ष वाचायचा, की पुढचा उचलायचा. हळूहळू ही युक्ती माणसांनाही लागू झाली. पेशंटने "त्याचं असं झालं" म्हणायचा अवकाश, डॉक्टर विचारायचे, "दुखतंय कुठे ते सांगा." बायकोने तर त्यांना काही सांगणंच सोडून दिलं होतं.

मावशीची गोष्ट वेगळी. तिला किती वाजले विचारलं, तर ती घड्याळ कुठल्या दुकानातून घेतलं तिथून सुरुवात करायची.

"प्रेशर बरं आहे? गोळ्या घेतल्यास? झोप लागते? एवढंच सांग गं. उद्या मला सगळ्यांसमोर बोलायचंय."

"प्रेशर बरं आहे, गोळ्या घेतल्या, झोप छान लागते. पण त्या खुर्चीचं..."

"खुर्चीचं नंतर," म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला. ठेवल्यावर जरा चुटपुट लागलीच. आई लहानपणीच गेली, वाढवलं ते या मावशीनेच. परीक्षेच्या दिवसांत ते मोठमोठ्याने पाठ करायचे, आणि मावशी, अक्षर कळत नसताना, समोर बसून शेवटपर्यंत ऐकायची. आता ती एकटी राहत होती, गाडीने तासाभराच्या अंतरावर. रविवारी जाऊन येऊ, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि पुढचा निबंध ओढला. असे बरेच रविवार होऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी विभागाची बैठक होती. दर आठवड्याला कुणीतरी एक नवं संशोधन मांडायचं, असा तिथला शिरस्ता. डॉक्टरांनी एका नव्या गोळीवरचा अभ्यास मांडला. म्हाताऱ्या माणसांना ही गोळी सुरक्षित आहे, असा निष्कर्ष त्यांनी ठासून वाचला आणि आपल्या वॉर्डात ती सुरू करू, असंही सांगून टाकलं.

"सर, एक विचारू?" त्यांची धाकटी सहकारी म्हणाली. "यातले बरेच म्हातारे पेशंट चक्कर येते म्हणून मध्येच गोळी सोडून गेलेत. त्यांना शेवटच्या हिशोबात धरलेलंच नाही. राहिले ते ठणठणीत, म्हणून निष्कर्षही ठणठणीत. मधल्या पानावर आहे सर."

"सगळं अथपासून इतिपर्यंत वाचायला मला वेळ कुठे आहे?" डॉक्टर भडकले.

सगळे आपापल्या कपात बघत राहिले, आणि तेच डॉक्टरांना जास्त झोंबलं.

संध्याकाळी ते खोलीत येऊन बसले. तोच निबंध पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. प्रत्येक पानावर त्यांचा पारा चढत होता, कारण ती पोरगी बरोबर होती. तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"प्रेशर बरं, गोळ्या घेतल्या, झोप छान. ठेवते रे."

आयुष्यात पहिल्यांदाच मावशी एका दमात संपली होती. डॉक्टरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"थांब. ते खुर्चीचं काय म्हणत होतीस?"

"निष्कर्ष सांगू?"

"नको. पहिल्यापासून सांग."

मग काय, मावशीची गाडी सुटली. सुतार आला, सुताराचा भाऊ आला, भावाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन आलं. डॉक्टर दात आवळून ऐकत राहिले. शेवटी सुतार स्वतः आला, एकदाची खुर्ची दुरुस्त झाली आणि दोघा भावांनी ती गॅलरीतून उचलून पलंगाशेजारी आणून ठेवली.

"पलंगाशेजारी कशाला?"

"अरे, पाठ टेकली की दम कोंडतो. आधी उशांवर उशा लावून पाहिल्या. मग म्हटलं, खुर्चीच बरी."

डॉक्टर उठून उभे राहिले. आडवं झाल्यावर दम कोंडतो, याचा अर्थ हृदय थकलंय आणि छातीत पाणी साठायला लागलंय. हे तर ते विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवायचे.

"पाय सुजलेत का गं?"

"अगंबाई, तुला कसं कळलं? चपला चढत नाहीत."

"मावशी, खुर्चीतून उठू नकोस. शेजारणीला हाक मारून बोलावून घे. मी अँब्युलन्स पाठवतोय आणि मीही निघतोय." किल्ली शोधताना त्यांचा हात लागून निबंधांचा ढीग खाली पडला. "इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"सांगत नव्हते होय? रोजच तर सांगत होते," मावशी म्हणाली. "बसल्याबसल्या झोप छान लागते."