पाठमोरा

देवराईच्या तोंडाशी चपला काढून एक बाई सरळ मकरंदकडेच आल्या. "मी दत्तारामची धाकटी बहीण. दादा गेला हो. त्याचा इथला एखादा फोटो असेल तर द्याल?"

दर फाल्गुनात समलिंगी पुरुषांचा हा मेळा या राईत ध्यानाला जमायचा आणि पुस्तकासाठी मकरंद त्यांचे फोटो काढायचा. इथला नियम कडक होता. तबकातलं सोनचाफ्याचं फूल ज्यानं कानामागे खोवलं, त्याचाच चेहरा टिपायचा. दत्तारामनं फुलाला कधी हात लावला नव्हता. गावात तो मास्तर होता.

"फूल खोवलेल्याचाच चेहरा काढतो आम्ही. माझ्याकडे त्याची नुसती पाठ आहे," मकरंद म्हणाला. वाटायला आणलेल्या फोटोंतला एक त्यानं पुढे केला. मोठ्या बेहड्याच्या झाडाखाली दत्ताराम पाठमोरा बसला होता आणि शेजारच्याच्या खांद्यावर त्यानं डोकं टेकलं होतं.

बाईंनी त्या पाठीवरून बोट फिरवलं. "घरी कायम अंग चोरून बसायचा. असा सैल बसलेला मी त्याला जन्मात पाहिला नाही."

ध्यानाची घंटा झाली. आता या निघतील, असं मकरंदला वाटलं. पण त्यांनी तबकातलं फूल उचलून कानामागे खोवलं आणि त्या बेहड्याखाली, दादाच्या जागी जाऊन बसल्या. तोंड मात्र कॅमेऱ्याकडे केलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "आणि खाली लिहा, दत्तारामची बहीण."