बाबांचा साचा

भुवईचा शेवटचा केस चिमट्याने टोचून प्रॉपवाला मागे सरकला आणि हात धुवायला बेसिनकडे वळला. टेबलावर मढं तयार होतं. अख्खं सिलिकॉनचं, छातीपर्यंत पांढरी चादर, डोळे अर्धवट मिटलेले. साडेदहाला प्रॉडक्शनची गाडी येणार होती. दुपारी सेटवरच्या शवागारात नायिका त्याला ओळखणार आणि कोसळणार होती.

सिनेमासाठी खोट्या वस्तू करण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. डोक्यावर फुटूनही न लागणाऱ्या बाटल्या, दोन बोटांनी उचलता येणाऱ्या विटा, पोटात खुपसलं की मागे सरकणारे सुरे. अख्खा माणूस मात्र पहिल्यांदाच. तोही जमवाजमव करून. ज्या नटाला मरायचं होतं, तो तोंडावर प्लास्टर पडताच गुदमरून उठला आणि पुन्हा यायचं नाव घेईना. मग प्रॉपवाल्याने फळीवरून आपला सगळ्यात जुना साचा काढला. या धंद्यात शिकाऊ माणसाचा पहिला साचा घरच्याच कुणाचा तरी असतो. परका कोण कशाला तोंड देईल? वर वयाच्या सुरकुत्या चढवून भरघोस दाढी लावली की ओळखतंय कोण, असा त्याचा हिशेब होता.

पण काल दिग्दर्शकाचा निरोप आला. ‘दाढी काढा. मेलेला माणूस साधू वाटतोय.’ काढली.

पंधरा दिवस तो या चेहऱ्यावर वाकून होता. नाकपुडी पाहिली, पापणी पाहिली, ओठावरची भेग पाहिली. सगळा चेहरा एकदम पाहायला त्याला सवडच झाली नव्हती.

नळाच्या आवाजात आईची पावलं त्याला ऐकू आली नाहीत. ती वरच्या घरातून खाली कारखान्यात आली होती ती एवढंच विचारायला, की हे फिरायला गेलेले अजून कसे परतले नाहीत.

“कधी आणलं यांना?”

आवाज इतका साधा होता, की त्याला वाटलं ती कामाचंच काही विचारतेय.

“इथेच आहे की. साडेदहाला नेतील,” तो पाठमोराच म्हणाला.

“आणि मला वर बसवून ठेवलंस? मटार सोलत बसले होते रे मी.”

तो वळला. आई टेबलाजवळच्या स्टुलावर बसली होती. चादरीखालचा हात तिने दोन्ही हातांत धरला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. बाबा होते. हनुवटीपासून कपाळापर्यंत बाबाच होते. स्वतःच्या हाताने एकेक केस टोचलेला, तरी क्षणभर त्यालाही कळेना, की बाबा खरंच कुठे आहेत.

“आई, अगं खोटं आहे हे! रबर आहे, रबर! हे बघ.” त्याने अंगठा गालात दाबला. खळगा पडला आणि हळूच भरून आला.

“हात लावू नकोस!” आईने फाडकन त्याच्या मनगटावर मारलं. मग तिने स्वतःच्या हातातल्या हाताकडे पाहिलं. तो खाली ठेवला. तिला समजलं होतं, हे त्याला दिसत होतं. पण रडू आलं ते त्यानंतर. तोंडावर हात दाबून ती गदागदा रडत राहिली, आणि तो आपले ओले हात तसेच लोंबते ठेवून मेल्याहून मेल्यासारखा उभा राहिला.

“वरचं दार सताड उघडं टाकून सगळे इथे काय करताय?” काखेत वर्तमानपत्र घेऊन बाबा आत आले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण जन्माची खोड. एका दमात सावरले. “वा! मेल्यावर रंग उजळला की रे माझा.”

आई उठली. तिने बाबांच्या गालात बोट दाबून पाहिलं. मग दुसऱ्या गालात.

“मी आहे गं,” बाबा म्हणाले.

“दिसतंय.” तिने मनगटाने डोळे पुसले. “पण माझं रडून झालं. खरी वेळ येईल तेव्हा काय करू मी?”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

“नाही देत मी, आई,” प्रॉपवाला म्हणाला. “बिघडलं म्हणून सांगतो.” सगळं युनिट हात चोळत बसलं असतं आणि त्याला पुन्हा कुणी काम दिलं नसतं. तरी तो मनापासून म्हणत होता.

“दे,” आई म्हणाली. “पंधरा दिवस राबलायस.”

गाडीवरची दोन माणसं आत आली. सकाळपासून त्यांनी खुर्च्या, कपाटं, झुंबरं वाहिली होती. एकाने घोटे धरले, दुसऱ्याने काखेत हात घातले. उचलल्याबरोबर मान मागे कलंडली.

“डोक्याखाली हात घ्या हो कुणीतरी,” आई म्हणाली.

त्या दोघांचे हात गुंतलेले होते. प्रॉपवाला जागचा हलला नाही. बाबांनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं, पुढे झाले, आपल्याच डोक्याखाली तळवा घातला, आणि पायरी सांभाळत गाडीपर्यंत सोबत चालत गेले.