बोलेल तो खरा

"आबा, आज कोणी दिसलं तरी त्याच्याशी बोलायचं नाही," महेशने वडिलांना पुन्हा बजावलं. "वेदिकाला बघायला पाहुणे येतायत. घरात वेड आहे असं वाटलं, तर गेली सोयरीक."

नजर अधू झाल्यापासून गेणू आबांना घरात नसलेली माणसं दिसत. फेटेवाले, नटलेल्या बायका, एकदा तर फ्रिजपाशी घोडा. डॉक्टर म्हणाले, हे वेड नव्हे; डोळ्यांकडून चित्रं येईनाशी झाली की मेंदू आपली आपण तयार करतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्म घालवलेल्या आबांना ते लगेच पटलं. लाइन गेली की जनरेटर लागतो, त्यात काय एवढं! ओळखायची खूणही सोपी होती. ही माणसं बोलत नाहीत.

पाहुणे आले. मुलाचे मामा, सटाण्याचे सहादू, एकटेच सगळ्या वऱ्हाडाच्या वाटचं बोलत होते. आमचा शेखर असा, आमचा शेखर तसा.

"लग्नानंतर मला नोकरी सोडायची नाही. चालेल तुम्हाला?" वेदिकाने थेट शेखरलाच विचारलं. तिचं सगळं त्या उत्तरावर अडलं होतं.

"अहो, आमच्या शेखरला सगळं चालतं!" मामा म्हणाले. वेदिकाचा चेहरा उतरला.

आबांना खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत एक तरुण दिसत होता. आल्यापासून मुका. आबा मनात हसले. आज ते फसणार नव्हते, लेकाला शब्द दिला होता. पोह्यांची बशी घेऊन ते शांतपणे गेले आणि आपल्या खुर्चीत, म्हणजे शेखरच्या मांडीवर, ऐसपैस बसले.

"आई गं!" शेखर कळवळला.

"तिच्या मायला, हा खरा हाय!"

महेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "माफ करा, आबांना कमी दिसतं..."

"लय दिसतं," आबा म्हणाले. "पण बोलत नाय तो खोटा, असं डॉक्टरनीच सांगितलंय. हा कुठं बोलला?"

आबा उठायला लागले, तशी वेदिका म्हणाली, "आबा, बसा तिथंच." मग तिने शेखरला विचारलं, "नोकरी चालेल?"

मामांनी तोंड उघडलं.

"मामा, थांबा," आबांच्या मागून आवाज आला. "मला चालेल. खरंच चालेल."

वेदिका खुदकन हसली. मामा जन्मात पहिल्यांदा गप्प झाले. आबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि पोह्यांचा घास घेतला.

"हा गेला बघ आता खोट्यात."