चढावरचे थांबे

"मी थांब्याशिवाय गाडी उभी करत नाही," बाबा म्हणाले आणि खडूने आखलेला पहिला चौकोन ओलांडून टेचात पुढे निघून गेले.

चौकोन म्हणजे उद्याचं बाक. लेकीने सकाळपासून उकिडवं बसून पांढऱ्या खडूने ते चढावर आखले होते. खालच्या घरांपासून वरच्या बागेपर्यंत नवी पायवाट होत होती आणि तिचा आराखडा लेकीचा होता. उद्या गवंडी येणार, बाकांचे पाय काँक्रीटमध्ये रोवणार, आणि मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ती हलायची नाहीत. म्हणून तिची रीत अशी, की आधी खडूने आखायचं, चौकोनात घडीची खुर्ची ठेवायची आणि कुणाला तरी चालवून बघायचं. आज चालायला तिने आईबाबांना आणलं होतं. खरं तर हे काम तिने बाबांसाठीच हट्टाने मागून घेतलं होतं, पण ते ऑफिसात सांगायची सोय नव्हती.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. रोज चाला, चढसुद्धा चढा, पण दम लागला की थांबा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यातलं ते थांबणं बाबांच्या पचनी पडेना. जन्मभर शहरात बस चालवलेला माणूस. चारचौघांत बाकावर टेकायचं म्हणजे भर रस्त्यात गाडी बंद पडल्यासारखं. त्यापेक्षा ते घराबाहेरच पडेनासे झाले. दिवसभर खिडकीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या एकेका ड्रायव्हरला नापास करायचे. बघता बघता माणूस अर्धा झाला, आणि लेकीच्या जिवाला तोच घोर लागला होता. वाकावं लागू नये म्हणून तिने त्यांना बिननाडीचे बूट आणून दिले, ते आज पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडले होते.

"बाबा, नुसतं टेकून बघा. मला खुर्चीची उंची बघायचीय."

"उंची झकास आहे. म्हाताऱ्यांना आवडेल."

दुसऱ्या चौकोनाकडे तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लेक खडू मुठीत धरून मागून चालत राहिली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

पुढे वळणावर, जिथे ना चौकोन ना खुर्ची, तिथे आई थांबली. "अहो, जरा थांबा. चपलेचा पट्टा निसटला."

"झालं सुरू," बाबा म्हणाले. "नवी घे म्हणतो, तर ऐकशील तर शपथ." पण ते थांबले. हात मागे बांधून खालची छपरं न्याहाळत उभे राहिले. सदऱ्याच्या आत छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आईने एका हाताने भिंत धरली आणि दुसऱ्याने पट्ट्याशी बराच वेळ खटपट केली. ती उभी राहिली तोवर बाबांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता.

थोडं वर, झाडाखाली, पट्टा पुन्हा निसटला.

"दाखव इकडे," लेक खाली वाकली. "उद्या शिवूनच आणते." पट्टा चांगला धडधाकट होता. बक्कल घट्ट बसलेलं होतं.

आईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. बाबा पुढे चालू लागल्यावर हळूच म्हणाली, "पट्ट्याला काय धाड भरलीय? त्यांची कानशिलं कशी उडतात ते दिसत नाही का तुला? दमलात, थांबा, असं म्हटलं तर थांबतील ते? वर आणखी दामटत जातील. माझ्यासाठी म्हटलं की थांबतात."

लेक बघतच राहिली. चांगला अभ्यास करून तिने बाकं सारख्या अंतरावर आखली होती, आणि आई थांबत होती ती भलतीकडेच, बाबांच्या श्वासाकडे बघून. आईला तिथल्या तिथे मिठी मारावी असं तिला वाटलं, पण दोन्ही हात खडूने माखलेले होते. तिने झाडाखाली मोठी फुली मारली. इथे बाक नको, तिने ठरवलं. चपलेचा पट्टा लावायला पाय ठेवता येईल एवढा कट्टा हवा. आणि समोरची छपरं झाकायची नाहीत.

या बोलण्यात बाबा बरेच पुढे गेले होते. त्यांना गाठायला आई भराभरा चढू लागली. शेवटचा चढ अंगावर येणारा होता. अर्ध्यात ती तोंडाने श्वास घेऊ लागली आणि हात कमरेवर गेला.

"आई, दम लागलाय तुला."

"मला? मला काय होतंय," आई म्हणाली. एवढं बोलायलाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

बाबांनी मान वळवून मागे पाहिलं. बाग आता हाकेच्या अंतरावर होती. तिथे ना भिंत होती, ना झाड, ना खडूचा चौकोन. बाबा वाटेच्या मधोमध उभे राहिले.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "नाडी सुटली."

एक हात गुडघ्यावर टेकून ते सावकाश वाकले आणि बुटावर बोटं फिरवू लागले. आई जवळ पोचली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, भार टाकला आणि डोळे मिटून श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. बाबांची बोटं बुटावर चालूच होती.

"नीट बांधा," आई म्हणाली. "घाई कुठेय?"

लेकीने त्या बिननाडीच्या बुटांकडे पाहिलं. मग आवाज न करता ती त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि जमिनीवर खडू टेकवून दोघं मावतील एवढी जागा आखू लागली.