मागचा डिंक

पंचवीस सेंट. पक्षी, उडताना.

"हात लावू नका," अण्णाजी म्हणाले.

पाकीट शकुंतलाबाईंच्या मांडीवर होतं. फाडून झालं होतं, तेही बोटानं. सिंदी मेघेहून पुलगावला ते आले होते ते या पाकिटासाठी. ताराचंदच्या मुलानं, योगेंद्रनं, काल दुकानातून फोन केला होता की बाबांच्या नावानं बाहेरदेशातून काहीतरी आलंय.

शकुंतलाबाईंचा नवरा, अण्णाजींचा तिकिटं जमवण्यातला जोडीदार ताराचंद जाऊन चार महिने झाले होते. पण समुद्रातल्या त्या ठिपक्याएवढ्या देशाला हे कोण कळवणार? लोकसंख्या आपल्या आंजी गावाएवढी भरली तर भरली, पण पोस्टखातं स्वतःचं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी पाच तिकिटं काढली होती.

अण्णाजींनी खिशातून चिमटा काढला. हेडमास्तरकी संपल्यापासून तो त्यांच्या खिशात पेनाच्या जागी असे. ते समजावून सांगू लागले. हाताला घाम असतो, वहिनी. ही कोरी तिकिटं आहेत, वापरलेली नव्हेत. पाण्याचा थेंब लागला की संपलं. मागचा डिंक जसाच्या तसा हवा, नाहीतर हा नुसता रंगीत कागद.

शकुंतलाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "अल्बम कुठी हायेत?"

अल्बम सुरक्षित होते. वाळवी लागेल म्हणून तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सांभाळायला नेलेले सहाही अल्बम अण्णाजींच्या कपाटात त्यांच्या स्वतःच्या अल्बमांना खेटून उभे होते. आता कुठला कोणाचा हे सांगायला ताराचंद नव्हता.

"त्याचीच इच्छा होती, वहिनी. दवाखान्यात मला म्हणाला."

"दवाखान्यात त्यायची वाचा गेलती."

एवढं बोलून त्यांनी पहिलं तिकीट सोडवलं, जिभेवर फिरवलं आणि शेजारी पुसून ठेवलेल्या बरणीवर चिकटवलं. वरून अंगठा दाबला.

पन्नास सेंट. पक्षी, घरट्यात.

अण्णाजींनी योगेंद्रला हाक मारली. योगेंद्र दुकानातून तागडी हातात घेऊन डोकावला, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

संच मोडला होता. पण एखादं तिकीट अदलाबदलीत मिळतं, अण्णाजींचं डोकं चालायला लागलं, उरलेली चार हातची जाऊ द्यायची नाहीत. त्यांनी आवाज मऊ केला. दोन अल्बम पुढच्या आठवड्यात आणून देतो म्हणाले. वापरलेल्या तिकिटांचे दोन. मनातल्या मनात त्यांनी त्यातलेही हलके निवडले.

"वापरलेले मले सांगता?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "माह्या परातीत भिजले ते सारे. पाकिटावरून सोडवले मीनं, सुकवले मीनं. कोऱ्याले मात्र कधी बोट लावू देल्लं नाई. ना त्यायनं, ना तुमीनं."

दुसरं तिकीट जिभेवर जरा थांबलं.

"गोड हाये," त्या म्हणाल्या. जणू घरात इतकी वर्षं काहीतरी लपवून ठेवलेलं सापडलं होतं.

अण्णाजींना हे माहीत नव्हतं. पोस्टात काही टाकायचं झालं तरी ते ओल्या स्पंजावर तिकीट टेकवत.

पंचाहत्तर सेंट आणि एक डॉलर. जोडलेली.

या दोन तिकिटांत मिळून एकच चित्र होतं. एका फांदीवर नर आणि मादी, मधून फाडण्यासाठी भोकांची रांग.

"अवो, थे जोडी हाये!" अण्णाजी ओरडले. शाळेतली शुद्ध भाषा एकदम सुटली होती. "फाडू नका, पाया पडतो. फाडली तं काईच नाई राहत."

शकुंतलाबाईंनी फाडली नाही. दोन्ही एकदमच चाटली.

दोन डॉलर. कोपरा नसलेलं.

शेवटच्या वेळी अण्णाजी थांबले नाहीत. चिमटा पुढे करून त्यांनी झडप घातली. शकुंतलाबाईंनी हात मागे ओढला, आणि तिकीट त्यांच्याकडे राहिलं, कोपरा चिमट्यात.

दुकानात योगेंद्र कोणाला तरी साखर बांधून देत होता. पुडीच्या दोऱ्याचा आवाज आत ऐकू आला.

"हे तुमीनं फाडलं," शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्यांनी ते तिकीटही चाटलं आणि बाकीच्यांच्या ओळीत लावलं. वाकडं बसलं होतं, ते सरळ केलं. बरणीवर पाच पक्षी झाले. मग पाकिटातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी अण्णाजींसमोर धरला. योगेंद्रनं त्यांना तो सकाळीच वाचून दाखवला होता. ताराचंदनं दोन वर्षांची वर्गणी आधीच भरून ठेवली होती. दर तीन महिन्यांनी नवीन तिकिटं येणार होती, याच पत्त्यावर.

"येजा तुमी," त्या म्हणाल्या. "एका पाकिटाले एक अल्बम. नाई आणला तरी काई हरकत नाई, अण्णाजी. मले गोड आवडते."

अण्णाजी दुकानाच्या पायऱ्या उतरले. चिमटा हातात तसाच होता, टोकाला निळा कोपरा. स्टेशन येईपर्यंत त्यांनी दुसऱ्या हाताची ओंजळ त्याच्यावर धरली होती, आणि बोट कुठेही लागू दिलं नव्हतं.