पाच वॅटचा ॲम्प्लिफायर

अहमदपूरच्या बसस्थानकासमोर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भीमाने लेक अश्वजितच्या गिटारसाठी जुन्या काचेच्या व्हॉल्व्हांवर पाच वॅटचा ॲम्प्लिफायर बांधला होता. त्यातला एक व्हॉल्व्ह बिघडलेला होता; खोक्यावर ठोकलं की स्पीकरमधून टिंग वाजायचं. अश्वजित वाजवण्यात बुडाला की त्याची आई कोंडाबाई ठोकूनच जेवायला बोलवायची. तो वारल्यावरही ती रोज सांजच्याला खोका चालू करायची, ठोकायची, मगच ताटं वाढायची. भीमाला वाटायचं, ही बिघाड गेला का बघते. त्याच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीआधी त्याने मायेनं व्हॉल्व्ह बदलला. जुना चांगल्यांत मिसळू नये म्हणून सवयीनं फोडून टाकला. सांजच्याला कोंडाबाईनं ठोकलं, पुन्हा ठोकलं. खोका गप्पच. “नवा व्हॉल्व्ह टाकलाय,” भीमा हौसेनं म्हणाला. “आता कितीबी ठोक, वाजणार न्हाई.” तिचा हात खोक्यावरच राहिला. “अवो, ठोकून जेवतूस का इचारलं की त्यो टिंग करून ‘हाव’ म्हनायचा.”